मराठी नोंदी माहितीसंचात भरताना

प्राथमिक शाळेतील जनरल रजिस्टर हे वरवर पाहता एक साधे दप्तर होय. विद्यार्थ्याचे नाव, पालकाचे नाव, धर्म व जात, जन्मस्थान, अंकी व अक्षरी जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख व कारण असे त्याचे ठरीव रकाने असतात. ज्या दिवशी ती ओळ लिहिली जाते त्या दिवशी तिला फारसे महत्त्व वाटत नाही. परंतु चाळीस-पन्नास वर्षांनंतर त्याच ओळीची किंमत फार मोठी ठरते. शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत तिच्यावरूनच तयार होते. वयाचा पुरावा म्हणून तिच्याकडेच बोट दाखविले जाते. जातपडताळणीच्या प्रकरणांत वडिलांच्या वा आजोबांच्या शाळाप्रवेशाची नोंद मागितली जाते. ती सापडली तर काम मार्गी लागते. ‘नोंद आढळून येत नाही’ असा शेरा मिळाला तर नातवाचा प्रवेश किंवा नोकरी अडून राहते.

अशी जुनी रजिस्टरे वाळवी, ओल आणि हाताळणी यांमुळे जीर्ण होत असल्याने त्यांतील मजकूर संगणकात उतरवून घेण्याचे काम अनेक ठिकाणी हाती घेतले जाते. हे काम झाले म्हणजे शोध सोपा होईल अशी साहजिकच अपेक्षा असते. प्रत्यक्षात मात्र एक वेगळीच अडचण उभी राहू शकते. नोंद संगणकात असते, पडद्यावर ती शुद्ध दिसते, आणि तरीही नाव टाइप करून शोध घेतला असता संगणक ‘नाही’ असे उत्तर देतो. कागदाचे रजिस्टर चाळणारा लिपिक चुकला तर त्याला पुन्हा पाहण्यास सांगता येते. संगणकाने दिलेला नकार मात्र अंतिम समजला जातो, आणि अर्जदार परत फिरतो. असे का घडते आणि ते कसे टाळता येते, हे समजण्यासाठी मजकूर माहितीसंचात कसा भरला जातो हे थोडे मुळापासून पाहणे आवश्यक आहे.

आज्ञेने चालणारे काम

माहितीसंच म्हणजे डेटाबेस. आज सर्वत्र प्रचलित असलेल्या माहितीसंचांची कल्पना ई. एफ. कॉड या गणितज्ञाने १९७० साली मांडली. माहिती तक्त्यांत ठेवावी, प्रत्येक ओळ ही एक नोंद व प्रत्येक रकाना हा त्या नोंदीचा एक गुण मानावा, आणि हवी ती माहिती कोठे ठेवली आहे याची चिंता वापरणाऱ्याने करू नये, असा तिचा गाभा होता. कॉड आयबीएम कंपनीत होते; त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ साली या तक्त्यांशी बोलण्यासाठी एक आज्ञाभाषा सुचविली. तीच पुढे एसक्यूएल या नावाने रूढ झाली व १९८६ साली अमेरिकेत तिला प्रमाण भाषेचा दर्जा मिळाला. जनरल रजिस्टर लिहिणाऱ्या शिक्षकाला कॉड यांची कल्पना नवी वाटण्याचे कारण नाही. आखीव रकाने, एका विद्यार्थ्यास एक ओळ आणि प्रत्येक ओळीस क्रमांक ही शिस्त तो जन्मभर पाळत आलेला असतो.

एसक्यूलाइट ही या कुळातील आज्ञावली शाळेसारख्या लहान कार्यालयास विशेष सोयीची आहे. रिचर्ड हिप यांनी ती २००० साली प्रथम प्रसिद्ध केली आणि तिच्यावरील स्वामित्वहक्क सोडून ती सर्वांस खुली केली. तिला परवाना शुल्क नाही, स्वतंत्र सर्व्हर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. संपूर्ण माहितीसंच एकाच फाइलमध्ये मावतो. अँड्रॉइड मोबाइलमध्ये ती पूर्वीपासूनच असते, त्यामुळे तिचे नावही न ऐकलेले लोक ती रोज वापरत असतात.

कमांड लाइन म्हणजे चित्रे व बटणे नसलेला पडदा. तेथे एक ओळ आज्ञा लिहावयाची, एंटर कळ दाबावयाची, आणि खाली उत्तर वाचावयाचे. आज्ञा रोमन लिपीत टाइप कराव्या लागतात. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत. ही पद्धत प्रथमदर्शनी रूक्ष वाटली तरी तिचे दोन गुण दप्तराच्या कामात अमोल आहेत. दहा नोंदींना लागणारी आज्ञा दहा हजार नोंदींनाही पुरते. शिवाय काय केले हे आज्ञेच्या रूपाने लिहून ठेवता येते आणि दुसऱ्याला ते तपासता येते. माउसने कोठे व किती वेळा टिचकी मारली याची अशी नोंद मागे राहत नाही.

तक्ता आखताना

आरंभी ‘क्रिएट टेबल’ या आज्ञेने रिकामा तक्ता आखावा लागतो. तक्त्याचे व रकान्यांचे नाव देवनागरीत ठेवले तरी चालते. येथेच प्रत्येक रकाना मजकुराचा की संख्येचा हे ठरवावे लागते, आणि पहिली चूक बहुधा याच जागी होते. ज्याची बेरीज-वजाबाकी करावयाची नाही ते अंकांत लिहिलेले असले तरी मजकूरच समजावे, हा नियम येथे उपयोगी पडतो. बँकेतील खाते क्रमांक संख्येच्या रकान्यात भरला तर त्याच्या आरंभीची शून्ये गळून पडतात आणि शिष्यवृत्तीची रक्कम परत जाते. याउलट, देवनागरी अंकांत लिहिलेली वर्गाची पटसंख्या माणसाला संख्या वाटते, पण एसक्यूलाइटला तो केवळ मजकूर असतो. अशा रकान्याची बेरीज मागितली तर उत्तर शून्य येते. चुकीचा संदेश येत नाही, शून्यच येते. म्हणून ज्या रकान्यांची खरोखर बेरीज हवी तेथे संगणकासाठी इंग्रजी अंकच वापरावेत. छापील तक्त्यात ते देवनागरीत आणणे अवघड नाही.

तारखेचेही असेच आहे. एसक्यूलाइटमध्ये तारखेसाठी वेगळा प्रकार नाही; ती मजकूर म्हणून ठेवता येते. ‘दिवस-महिना-वर्ष’ या आपल्या नित्याच्या क्रमाने ती भरली तर १ जानेवारी १९८० ही तारीख २ जानेवारी १९६५ च्या आधी लागते, कारण तुलना डावीकडून अक्षरशः होते. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, प्रत्येक ठिकाणी पुरते अंक देऊन व इंग्रजी अंकांत ती भरली म्हणजे क्रम आपोआप बरोबर लागतो. रजिस्टरातील अक्षरी जन्मतारीखही स्वतंत्र रकान्यात घ्यावी. अंकी व अक्षरी तारखांत फरक असेल तर तो शोधण्याचे साधन नंतर दुसरे राहत नाही.

एकेक नोंद आणि संपूर्ण फाइल

एक नोंद भरण्यासाठी ‘इन्सर्ट इन्टू’ ही आज्ञा आहे. तिच्यापुढे तक्त्याचे नाव, नंतर ‘व्हॅल्यूज’ हा शब्द आणि कंसात एकामागून एक मूल्ये लिहितात. मजकुराचे प्रत्येक मूल्य एकेरी अवतरणचिन्हांत असावे लागते व आज्ञेच्या शेवटी अर्धविराम द्यावा लागतो. अर्धविराम विसरला तर संगणक काहीच करीत नाही. ओळीच्या आरंभी तीन टिंबे व एक बाणाचे टोक दाखवून वाट पाहत राहतो. नवशिका कर्मचारी येथे घाबरतो व खिडकी बंद करतो. वास्तविक केवळ अर्धविराम देऊन एंटर दाबणे पुरेसे असते.

वसई व गोवा या भागांतील शाळांत आणखी एक प्रसंग येतो. डिसोझा हे आडनाव इंग्रजीत लिहिताना पहिल्या अक्षरानंतर वरचा स्वल्प येतो. एकेरी अवतरणचिन्ह आणि हा स्वल्प संगणकाला एकच असल्याने मजकूर तेथेच संपला असे तो समजतो व उरलेले नाव आज्ञा म्हणून वाचू पाहतो. अशा ठिकाणी ते चिन्ह लागोपाठ दोनदा लिहावे, म्हणजे ते नावाचा भाग मानले जाते. हा किरकोळ तपशील नव्हे. मजकूर आणि आज्ञा यांच्यामधील हे कुंपण जेथे सैल राहते तेथूनच बाहेरच्या व्यक्तींना माहितीसंचात शिरकाव मिळतो. त्यामुळे लोकांनी भरलेले अर्ज ज्या आज्ञावलीतून माहितीसंचात जातात, तिने मूल्ये आज्ञेत न जोडता नेहमी स्वतंत्रपणे पुरविली पाहिजेत.

संपूर्ण रजिस्टर भरावयाचे असेल तर एकेक आज्ञा लिहीत बसण्यात अर्थ नाही. नोंदी आधी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये टाइप करतात. एका ओळीत एक नोंद व दोन रकान्यांत विभाजक चिन्ह. ‘डॉट इम्पोर्ट’ ही आज्ञा ती फाइल एका दमात तक्त्यात ओतते. विभाजक म्हणून स्वल्पविराम वापरण्याचा प्रघात आहे, पण मराठी पत्त्याची रीतच अशी की त्यात मुक्काम, पोस्ट, तालुका व जिल्हा यांच्यामध्ये स्वल्पविराम हमखास येतात. असे मूल्य दुहेरी अवतरणचिन्हांत घातले नाही तर एका पत्त्याचे चार रकाने होतात आणि पुढची प्रत्येक गोष्ट तीन घरे सरकते. जन्मतारखेच्या जागी तालुका बसतो. संगणक अशा ओळीबद्दल रकाने अपेक्षेपेक्षा अधिक आढळल्याचा इशारा देतो, जादा भाग सोडून देतो आणि पुढे जातो. तो थांबत नाही. म्हणून पडद्यावरून सरकून जाणारे इशारे वाचणे हा कामाचाच भाग समजला पाहिजे. पत्त्याच्या फाइलसाठी टॅब हे विभाजक चिन्ह अधिक सुरक्षित होय.

तक्ता आधीच आखलेला असेल तर फाइलमधील पहिली ओळ, म्हणजे रकान्यांची शीर्षके, हीदेखील एक विद्यार्थी म्हणून दाखल होते. ती वगळण्यासाठी ‘स्किप’ हे कलम जोडावे लागते. ‘विद्यार्थ्याचे नाव’ या नावाचा विद्यार्थी पटावर आढळला तर त्याचे मूळ येथे असते.

दिसते ते आणि असते ते

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येईल. संगणक अक्षर पाहत नाही. त्याचा सांकेतिक क्रमांक पाहतो. जगातील बहुतेक लिप्यांना असे क्रमांक देणाऱ्या युनिकोड या व्यवस्थेत देवनागरीसाठी १२८ जागा राखल्या असून त्यांची मांडणी इस्की या भारतीय संकेतप्रणालीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली आहे. ‘क्षेत्र’ हा शब्द वाचणाऱ्यास दोन अक्षरांचा वाटतो. माहितीसंचाला ‘लेंग्थ’ विचारल्यास उत्तर सात येते: क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र. यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक क्रमांकास तीन बाइट लागतात, म्हणून हा शब्द एकवीस बाइटांची जागा घेतो. अन्य काही माहितीसंचांत रकान्याची लांबी बाइटांत मोजली जाते. तेथे वीस जागांच्या रकान्यात ‘क्षेत्र’ मावणार नाही.

दोन शब्द सारखे आहेत की नाहीत हे संगणक या क्रमांकांवरूनच ठरवितो. मराठीत काही अक्षरे अशी आहेत की ती एकसारखी दिसूनही आतून भिन्न असू शकतात. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव घ्यावे. त्यातील अर्धा र एकाने ऱ या स्वतंत्र क्रमांकाने लिहिला, दुसऱ्याने साधा र व खाली नुक्ता अशा दोन क्रमांकांनी लिहिला, तिसऱ्याने र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरले. पडद्यावर तिन्ही रूपे सारखीच दिसू शकतात. लांबी मोजली असता पहिले सात आणि उरलेली दोन आठ-आठ भरतात. एका पद्धतीने भरलेले नाव दुसऱ्या पद्धतीने शोधले तर ते सापडत नाही. ‘गोऱ्हे’ व ‘वऱ्हाडे’ ही कुटुंबेही याच अडचणीत येतात. कोणाच्या मोबाइलचा कळफलक कोणता होता यावर एखाद्याचा पुरावा मिळणे न मिळणे अवलंबून राहावे, ही गोष्ट कोणत्याही कार्यालयास शोभणारी नाही.

‘ॲ’ या अक्षराची कथा अशीच आहे. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक २००८ साली मिळाला. तोपर्यंत अ या अक्षरावर अर्धचंद्र देऊन ते लिहिले जात असे आणि काही कळफलक अजूनही तसेच लिहितात. विसर्गाच्या जागी इंग्रजी अपूर्णविराम टाइप करण्याची सवय तर फारच पसरलेली आहे. ‘पुनःप्रवेश’ या शेऱ्याची नोंद त्यामुळे दोन गटांत विभागली जाते व मोजणी चुकते. नावाच्या शेवटी राहिलेली रिकामी जागा हाही असाच न दिसणारा दोष होय.

उपाय कठीण नाही, पण तो कामाच्या आरंभी ठरविला पाहिजे. सर्वांनी एकच कळफलक वापरावा. इनस्क्रिप्ट हा भारतीय मानक कळफलक त्यासाठी उपलब्ध आहे. भरलेल्या नोंदींपैकी संशयित रूपे किती आहेत ते प्रथम ‘सिलेक्ट काउंट’ने मोजावे, ती डोळ्यांखालून घालावीत आणि मगच ‘अपडेट’ व ‘रिप्लेस’ यांच्या साहाय्याने एका रूपात आणावीत. न मोजता बदल करणे म्हणजे रजिस्टर न उघडता दुरुस्ती करणे होय.

मूळ लेखन आणि शोधाचे लेखन

येथे एक मर्यादा पाळणे अत्यावश्यक आहे. संकेतांचे एकीकरण करणे वेगळे आणि मूळ नोंदीचे लेखन ‘सुधारणे’ वेगळे. रजिस्टरात ‘कराड’ लिहिले असेल तर ‘कऱ्हाड’ करण्याचा, किंवा ऱ्हस्वाचे दीर्घ करण्याचा अधिकार नोंद भरणाऱ्यास नाही. तो दस्तऐवज पुरावा आहे, शुद्धलेखनाची वही नव्हे. यास्तव प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीसाठी दोन रकाने ठेवणे हितावह ठरते: एकात रजिस्टरातील लेखन जसेच्या तसे, दुसऱ्यात शोधासाठी ठरविलेले प्रमाण रूप.

गावे व जिल्हे यांच्या बाबतीत याची गरज अधिक भासते. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यामुळे अंबड तालुक्यातील शाळेच्या १९७५ च्या नोंदीत जिल्हा औरंगाबाद असेच असणार. २०२३ साली जिल्ह्याचे नावही छत्रपती संभाजीनगर झाले. मूळ रकान्यात १९७५ चे लेखन अबाधित राहिले पाहिजे. शोधाच्या रकान्यात मात्र आजचा जिल्हा आणि केंद्र शासनाच्या स्थानिक संस्था निर्देशिकेतील गावाचा संकेतांक द्यावा. एकाच नावाची गावे अनेक तालुक्यांत आढळतात. त्यांचा गोंधळ संकेतांकानेच मिटतो.

काही जुन्या दप्तरांत मोडी लिपी भेटते. बहुधा तिचे बाळबोध लिप्यंतरच भरले जाते व ते योग्यही आहे. मोडी अक्षरे मुळातच ठेवावयाची झाल्यास युनिकोडमध्ये २०१४ पासून त्यांची सोय आहे. मात्र तेथे प्रत्येक अक्षरास चार बाइट लागतात आणि मायएसक्यूएल या माहितीसंचातील जुन्या तीन बाइटांच्या रकान्यांत ती बसत नाहीत.

युनिकोडपूर्व फाँटांत टाइप केलेल्या याद्यांची स्थिती निराळी आहे. त्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असत. पडद्यावर मराठी दिसे, आत मात्र रोमन अक्षरेच असत. अशी फाइल तशीच आयात केली तर माहितीसंचात निरर्थक रोमन मजकूर जमा होतो. तिचे आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून, जोडाक्षरे व रफार विशेषत्वाने वाचून, मगच ती घ्यावी. आयात केल्यावर पडद्यावर रिकाम्या चौकटी दिसल्या तर घाबरून जाण्याचे कारण नाही. त्या संगणकावर योग्य फाँट नाही एवढाच सामान्यतः त्याचा अर्थ असतो, मजकूर सुखरूप असतो. चौकटींऐवजी ओळीने प्रश्नचिन्हे उमटली तर मात्र लगेच थांबावे. वाटेत कोठेतरी मजकुराचे चुकीचे रूपांतर झालेले असते, आणि ती प्रश्नचिन्हेच साठविली गेली असतील तर त्यांतून मूळ अक्षरे परत मिळत नाहीत.

तपासणी व जतन

आयातीपूर्वी ‘बिगिन’ ही आज्ञा द्यावी. त्यानंतर भरलेले सर्व काही ‘कमिट’ म्हणेपर्यंत कच्चे असते. या अवधीत एकूण नोंदींची संख्या काढावी व रजिस्टराच्या शेवटच्या क्रमांकाशी ताडून पाहावी. नव्या पुस्तकात क्रमांक पुन्हा एकपासून सुरू झाले असतील तेथे पुस्तक क्रमांक व नोंद क्रमांक ही जोडी अनन्य ठरवावी, म्हणजे तीच नोंद दोनदा शिरणार नाही. संख्या जुळली नाही तर ‘रोलबॅक’ म्हणावे. तक्ता पूर्ववत होतो आणि फाइल दुरुस्त करून पुन्हा आरंभ करता येतो. संख्या जुळल्यावरही एकाने रजिस्टर मोठ्याने वाचावे व दुसऱ्याने पडदा पाहावा, ही जुनी पद्धत सोडू नये. चुकीचे नाव मोजणीत कधीच सापडत नाही.

या फाइलमध्ये मुलांची नावे, जात व जन्मतारखा असतात, आणि एसक्यूलाइट स्वतः होऊन तिला कुलूप लावीत नाही. ज्याच्या हाती फाइल आली त्याला ती उघडता येते. म्हणून ती मोबाइलवरून फिरविणे किंवा सामायिक पेनड्राइव्हमध्ये ठेवणे योग्य नव्हे. कमांड लाइनवर हाताने टाइप केलेल्या आज्ञाही बऱ्याच संगणकांवर एका इतिहास-फाइलमध्ये साठत जातात. सामायिक संगणकावर काम केले असल्यास ती फाइल काढून टाकावी.

जतनासाठी ‘डॉट डम्प’ ही आज्ञा उपयोगी आहे. ती संपूर्ण माहितीसंच साध्या मजकुराच्या रूपात, तक्ता आखण्याच्या व नोंदी भरण्याच्या आज्ञांसह, लिहून देते. अशी एक प्रत शाळेत व एक केंद्रशाळेत किंवा गटशिक्षणाधिकारी कार्यालयात राहावी. प्रत नेल्यावर ती तेथील संगणकावर रिकाम्या माहितीसंचात भरून नोंदींची संख्या पुन्हा काढावी, आणि ती संख्या व तारीख मूळ रजिस्टराच्या शेवटच्या पानावर मुख्याध्यापकांच्या सहीनिशी लिहून ठेवावी. कागदाचे रजिस्टर मात्र रद्दीत जाता कामा नये. संगणकातील नोंदीबद्दल शंका निघाली तर निर्णय त्याच्यावरूनच करावा लागतो.